फोनच्या अलीकडच्या टोकाला कोण? लवासा, ज्येष्ठ मंडळी आणि मधुमेहाच्या दूर-उपचाराचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानात किल्ले असतात, तह असतात, वाडे असतात. आज त्यातलं काहीच नाही. आज आपण एका आजाराचा आणि एका तारेचा इतिहास बघणार आहोत. आजार मधुमेह. तार म्हणजे आधी टेलिफोनची, मग उपग्रहाची, मग मोबाइलची. आणि रुग्ण म्हणजे साठी-सत्तरी ओलांडलेली आपली माणसं. डॉक्टर एकीकडे, रुग्ण दुसरीकडे आणि मधे अंतर. हे अंतर कसं कमी होत गेलं आणि कुठे ते अजून तसंच आहे, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो समजून घ्यायला मी सुरुवात लवासापासून करतो.

पुण्यातून चांदणी चौक, पिरंगुट, पुढे मुठा खोरं आणि टेमघरचा घाट चढून आपण मोसे नदीच्या खोऱ्यात उतरतो. साधारण साठ किलोमीटरचा रस्ता. खाली वरसगाव धरणाचं पाणी, वर डोंगर. २००१ साली राज्य सरकारने मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातली १८ गावं गिरिस्थान म्हणून अधिसूचित केली आणि तिथे लवासा उभं राहू लागलं. पहिला भाग झाला दासवे गावाजवळ. तळ्याकाठची रंगीत घरं सगळ्यांनी फोटोत पाहिलेली आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, वर्षभराने अटींसह पहिल्या टप्प्याला मंजुरी दिली. पण आर्थिक घडी विस्कटली ती विस्कटलीच. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

आपल्याला यात रस आहे तो माणसांमुळे. या खोऱ्यात दोन प्रकारची म्हातारी माणसं राहतात. एक, दासवे, मुगाव अशा गावांतली मूळची माणसं. मुलं नोकरीसाठी पुण्याला, आई-वडील गावात. दुसरी, निवृत्तीनंतर शांत हवेत राहायला आलेली. ज्येष्ठांसाठीची म्हणून 'आशियाना उत्सव' नावाची वसाहतही इथे झाली. यांची मुलं पुण्यात, मुंबईत, नाहीतर परदेशात. एकाकडे सातबारा, दुसऱ्याकडे फ्लॅटचा करार. पण रात्री दोन वाजता घाम फुटून हात थरथरायला लागले, की दोघांपुढे घाट तोच आणि अंधारही तोच. पावसाळ्यात त्यात धुकं आणि दरडी. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय पौडला, मोठी रुग्णालयं पुण्यात. अशा जागी कोणीही म्हणेल, डॉक्टर फोनवर आला तर किती बरं होईल! तो आलाही आहे. पण त्यासाठी काय काय घडावं लागलं ते बघू.

मधुमेह हा दुरून सांभाळता येण्यासारखा आजार आहे, याचं कारण तो आकड्यांचा आजार आहे. अपेंडिक्स फुटलं तर फोनवर काही करता येत नाही. मधुमेहात मात्र डॉक्टर वर्षातून चार वेळा भेटतो आणि बाकीचे तीनशे साठ दिवस रुग्ण आणि त्याचं घर मिळून आजार सांभाळतात. म्हणून खरा प्रश्न नेहमी हा होता, की आकडा घरात कसा आणायचा.

आपल्या जुन्या वैद्यांनी मधुमेह ओळखला तो लघवीच्या गोडव्यावरून, तिला मुंग्या लागतात यावरून. १९०८ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्टने एक निळं द्रावण तयार केलं. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. साखर नसेल तर निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटकरी लाल. आपल्यातल्या काही ज्येष्ठांना परीक्षानळी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन बसलेले वडील आठवत असतील. तपासणी दवाखान्यातून स्वयंपाकघरात आली ती अशी. पण हा रंग काही तासांपूर्वीची गोष्ट सांगायचा, आणि साखर कमी झाली असेल तर काहीच सांगायचा नाही.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. मधुमेह हा मरणाचा आजार होता, तो जन्मभर सांभाळायचा आजार झाला. आणि सांभाळायचा म्हटल्यावर शिकवणं आलं. बोस्टनच्या डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ सालीच रुग्णांसाठी माहितीपुस्तक काढलं होतं. पुढे त्यांनी नर्सना खास शिकवून रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. इंजेक्शन कसं घ्यायचं, अन्न कसं मोजायचं, पाय कसे बघायचे, हे सगळं घरात बसून शिकवायचं. ही घरी जाणारी नर्स लक्षात ठेवा. आजच्या गोष्टीत ती वेगवेगळ्या नावांनी परत परत भेटणार आहे.

पुढचा टप्पा रक्ताचा. १९६५ मध्ये रक्तातल्या साखरेची पट्टी आली, डेक्स्ट्रोस्टिक्स. १९७० च्या सुमारास ती वाचणारं यंत्र आलं. वजन किलोभराहून जास्त, किंमत भरमसाट, आणि ते डॉक्टरांसाठीच होतं. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही अभियंत्याला ते घरी हवं होतं. त्यांची पत्नी डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर ते मिळालं. रुग्णाने स्वतःचा आकडा स्वतः बघू नये, अशी तेव्हाची समजूत होती! १९६८ मध्ये इराणी शास्त्रज्ञ सॅम्युअल रहबर यांच्या संशोधनातून पुढे एचबीएवनसी ही तपासणी आली. ही दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. आता आकडा घरात आला, वहीत उतरला. उरला तो पाठवण्याचा प्रश्न.

आता तारेकडे येऊ. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झालं. पण खेड्यात फोन पोचायला पुढची शंभर वर्षं गेली. उपग्रहाची गोष्ट मात्र पुणे जिल्ह्याला जवळची आहे. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. परदेशी बोलायचं तर आवाज नारायणगावजवळच्या त्या मोठ्या तबकडीतून जाऊ लागला. गंमत बघा, जुन्नरहून लंडनला आवाज जात होता, पण मुळशीच्या डोंगरातून पुण्याच्या डॉक्टरला फोन लावणं तेव्हा अवघडच होतं.

उपग्रहाचा वैद्यकासाठी उपयोग व्हायला २००० साल उजाडावं लागलं. आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या गावी मार्च २००० मध्ये अपोलोचं दूरवैद्यक केंद्र सुरू झालं; उद्घाटन बिल क्लिंटन यांच्या हस्ते. २००१ पासून इस्रोने आपले उपग्रह या कामाला दिले. मोठ्या रुग्णालयात एक पडदा, जिल्ह्याच्या गावी दुसरा पडदा. उत्साह खूप होता. पण त्या काळातला विचार बहुतेक पलीकडच्या टोकाचा होता. तज्ज्ञ कोण, पडदा केवढा, वेग किती. अलीकडच्या टोकाला रुग्णाशेजारी कोण बसणार, हा प्रश्न मागे राहायचा.

तो प्रश्न ज्यांनी पुढे घेतला, त्यांची दोन उदाहरणं सांगतो. एक न्यूयॉर्कचं आणि एक तमिळनाडूचं.

न्यूयॉर्क राज्यात २००० साली 'आयडिआटेल' नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला. खास मधुमेही ज्येष्ठांसाठी. १,६६५ माणसं, काही न्यूयॉर्क शहरातल्या गरीब वस्तीतली, बरीचशी स्पॅनिश बोलणारी, काही दूरच्या खेड्यांतली. निम्म्यांच्या घरी एक यंत्र बसवलं, साध्या टेलिफोन लाइनवर चालणारं. त्यातून साखर आणि रक्तदाब पाठवायचा, आणि ठरल्या वेळी नर्स पडद्यावर यायची. पाच वर्षांनी पाहिलं तर या गटाचं एचबीएवनसी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ०.३ ने कमी होतं. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही सुधारलं. फरक चमत्कार वाटावा एवढा नाही, पण खरा. खर्च मात्र माणशी वर्षाला हजारो डॉलर झाला, आणि सरकारचे पैसे काही वाचले नाहीत. यातून दोन गोष्टी शिकायच्या. ज्येष्ठांना हे जमत नाही, हे खोटं. आणि यंत्र बसवलं की स्वस्त होतं, हेही खोटं.

दुसरं उदाहरण चुनमपेटचं. तेव्हाच्या कांचीपुरम जिल्ह्यात २००६ मध्ये डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने हा प्रकल्प सुरू केला. उपग्रहाची तबकडी बसवलेली एक गाडी, आत डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा, पायाच्या नसा तपासायची साधनं. ४२ गावं, २३,००० हून अधिक माणसांची तपासणी. फोटो चेन्नईला जायचे, तिथला डॉक्टर बघायचा. गाडीबरोबर काम करायला गावातलीच तरुण मंडळी घेतली आणि जवळच एक छोटा दवाखाना उभा केला. वर्षभरात मधुमेह्यांचं सरासरी एचबीएवनसी ९.३ वरून ८.५ वर आलं. चेन्नईला पाठवावे लागले ते ५ टक्क्यांहून कमी रुग्ण. म्हणजे पंच्याण्णवांचा प्रवास वाचला. तो उपग्रहामुळे वाचलाच, पण गावात शिकवून तयार केलेल्या हातांमुळेही वाचला.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी जणी अक्षरओळखही नसलेल्या होत्या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात त्याच वाटेने काम उभं केलं. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तार नव्हती तेव्हाही दूरचा डॉक्टर गावात पोचत होता, तो या बायकांच्या हातांनी.

इथे एक शंका येते. मधुमेह हा बंगलेवाल्यांचा आजार, मोसे खोऱ्यातल्या कष्टकऱ्याला तो कुठला, असं आपल्याला वाटतं. याला उत्तर पुण्यातूनच मिळालं. के. ई. एम. चेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेली बाळं वजनाने लहान, बारीक, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र तुलनेने जास्त. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो, हे या कामातून जगाला कळलं. आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेलेली दिसली. तेव्हा खोऱ्यातल्या दोन्ही म्हाताऱ्यांचा आजार एकच आहे. एकाला तो माहीत असतो, दुसऱ्याला बऱ्याचदा माहीत नसतो, एवढाच फरक.

आता कायद्याचं बघू. फोनवर सल्ला देणं आपल्याकडे फार जुनं. "डॉक्टर, आईची शुगर वाढलीय, गोळी वाढवू का?" हा फोन कोणत्या डॉक्टरला येत नाही? पण तो कायद्यात बसतो का, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रत्नागिरीचं एक प्रकरण आलं. बाळंतपणानंतर एका महिलेचा मृत्यू झाला होता; डॉक्टर रुग्णालयात नसताना फोनवरून औषधं सांगितली गेली, असा मुद्दा होता. न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्या प्रकरणाचे तपशील वेगळे होते, पण राज्यभरातले डॉक्टर धास्तावले. फोनवर बोलायचं की नाही?

उत्तर आलं ते साथीमुळे. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्च २०२० ला, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध झाली. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, आवाज किंवा लेखी संदेश, यांतल्या कशानेही सल्ला देऊ शकतो. रुग्णाची संमती हवी, नोंद हवी. आधी प्रत्यक्ष तपासून दिलेली जुन्या आजाराची औषधं पुढे चालू ठेवता येतात. काही औषधं फोनवर देताच येत नाहीत. आणि डॉक्टरला वाटलं की प्रत्यक्ष बघायला हवं, तर त्याने तसं सांगितलंच पाहिजे. यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. रुग्णाच्या वतीने घरातलं माणूस बोलू शकतं, आणि आरोग्य कर्मचारी रुग्णाशेजारी बसून डॉक्टरशी बोलू शकतो, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे अलीकडच्या टोकाला पहिल्यांदाच कागदावर नाव मिळालं.

त्याच सुमारास सरकारची ई-संजीवनी वाढली. तिचे दोन प्रकार. एकात तुम्ही घरून, स्वतःच्या मोबाइलवरून डॉक्टरला गाठता. दुसऱ्यात तुम्ही उपकेंद्रात जाता, तिथला आरोग्य अधिकारी तुम्हाला शेजारी बसवून डॉक्टरशी जोडून देतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला गेला. त्यातले बहुतांश कोणत्या प्रकारातले होते? शेजारी माणूस बसलेल्या दुसऱ्या प्रकारातले. मोबाइल घरोघरी पोचल्यावरसुद्धा! आणि एकूण लाभार्थींत ज्येष्ठ सुमारे १२ टक्के.

असं का होतं? कारण म्हातारपणातला मधुमेह वेगळा असतो. २००८ मध्ये 'अ‍ॅकॉर्ड' या अमेरिकी चाचणीत साखर फार कडक उतरवलेल्या गटात जास्त मृत्यू दिसले, म्हणून तो भाग मधेच थांबवावा लागला. तेव्हापासून ज्येष्ठांसाठी डॉक्टर जरा सैल आकडा चालवून घेतात. त्यांच्यात वाढलेल्या साखरेइतकीच, कधी त्याहून जास्त, भीती साखर एकदम उतरण्याची असते. आजी रात्री पडली, कमरेचं हाड मोडलं. कारण विचारलं तर गोळी घेतली होती आणि जेवण टाळलं होतं. ही गोष्ट ग्लुकोमीटरच्या वहीत कधीच सापडत नाही.

फोनवर काय सापडतं? "कसं वाटतंय आजोबा?" "ठीक आहे." आपल्या माणसांचं हे ठरलेलं उत्तर. पायाला फोड आला असला तरी ठीक, दोन दिवस गोळी संपली असली तरी ठीक. डॉक्टरचा वेळ घेऊ नये, मुलांना त्रास देऊ नये, हा संस्कार. आज चतुर्थी आहे, सकाळपासून उपास आहे आणि मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली, हे कोण सांगणार? ते शेजारी बसलेली सून सांगते, नाहीतर आशाताई. पायाच्या तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवून संवेदना आहे का बघायचं, इन्सुलिन रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ आलीय का ते चाचपायचं, गोळ्यांचा डबा उघडून एकच औषध दोन नावांनी तर चाललं नाही ना ते बघायचं. हे सगळं हाताने करायचं काम आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो दूरचा डॉक्टर बघेल, पण हनुवटी टेकवून आजीला स्थिर बसवायला कोणीतरी लागतंच. ऐकू कमी येतं, मोतीबिंदू आहे, बोट थरथरतं, आणि मोबाइल बऱ्याचदा मुलाच्या खिशात असतो.

आता परत लवासाकडे. इथल्या आराखड्यात रस्ते होते, शाळा होत्या, रुग्णालय होतं. इमारती उभ्या राहिल्या की माणसं येतील आणि माणसं आली की सेवा येतील, असा तो हिशोब होता. तो अर्ध्यावर थांबला. दूर-उपचाराच्या बाबतीत आपण तोच हिशोब परत करतो आहोत का, हे मला विचारायचं आहे. टॉवर उभा राहिला, अ‍ॅप आलं, म्हणजे उपचार आला असं आपण धरून चालतो.

या खोऱ्यासाठी लागतं ते फार नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी एक शिकलेली नर्स किंवा आरोग्य अधिकारी, गावात आणि वसाहतीत दोन्हीकडे. ग्लुकोमीटर, पट्ट्या, रक्तदाबाचं यंत्र, तो नायलॉनचा दोरा. पलीकडे शक्यतो तोच एक डॉक्टर, दर वेळी नवा नाही. घरात साखर उतरली तर काय करायचं याचा मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद, फ्रिजवर चिकटवलेला. वर्षातून एकदा प्रत्यक्ष तपासणी आणि डोळ्यांचा कॅमेरा. आणि घाट बंद पडेल हे धरून पावसाळ्याच्या आधी साठवलेली औषधं आणि इन्सुलिन.

यात सगळ्यात महाग गोष्ट आहे ती नर्सचा वेळ. आणि नेमका तोच आपण फुकट धरतो. आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका आहेत. त्यांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, पगार नाही. घरातली सून तर हिशोबातच नाही. जॉस्लिनच्या नर्सपासून जामखेडच्या बायकांपर्यंत आणि न्यूयॉर्कच्या पडद्यावरच्या नर्सपर्यंत, शंभर वर्षांत जिथे जिथे हे काम टिकलं, तिथे त्या माणसाला शिकवलं गेलं आणि काम म्हणून मानलं गेलं. पुढच्या वेळी कोणी तुमच्या सोसायटीत किंवा ग्रामसभेत दूर-उपचाराची योजना घेऊन आलं, तर वेग आणि पडदा विचाराच, पण आधी विचारा: आजीच्या शेजारी कोण बसणार, त्याला शिकवणार कोण आणि त्याचा पगार कुठून येणार?

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. फक्त एक विनंती, घरच्या रुग्णाची गोळी कमी करू की वाढवू, हे मला विचारू नका. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. फोनवर विचारलंत तरी चालेल.